शटर डाउन... पण हळू!

रात्रीचे साडेबारा. गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकून दमलेली. गाडी घरासमोर उभी, इंजिन बंद, हेडलाइट बंद. एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसरा हात शटरच्या हँडलवर. श्वास रोखून एक, दोन, तीन... आणि मग जो काही आवाज होतो ना, तो ऐकून कुणालाही वाटावं, लक्ष्मी रोडवरची तमाम दुकानं एकाच वेळी उघडली! आधी धडधडधड, मध्येच एक लांबलचक खर्रर्र, आणि वर पोचल्यावर धाड्! गाडी आत घेतली की हाच प्रोग्रॅम उलटा. फक्त शेवटचा धाड् जमिनीवर.

फ्लॅटवाल्यांना हे दुःख कळायचं नाही. तुमच्या पार्किंगला शटरच नसतं, तुमचं दुःख 'माझ्या जागेत गाडी कुणी लावली' हे असतं. पण ज्यांच्या घराला जुन्या पद्धतीचं, वर गुंडाळलं जाणारं लोखंडी शटर आहे, किंवा ज्यांच्या बेडरूमच्या बरोबर खाली एखादं दुकान पहाटे सहाला उघडतं, त्यांनी आजचा कॉलम कापून ठेवावा. दुकानदाराला भेट द्यायला उपयोगी पडेल.

आमचं शटर माझ्यापेक्षा थोडंच लहान आहे. बाबांनी कोथरूडला घर बांधलं तेव्हाचं. इतक्या वर्षांत त्याला रंगाचे तीन हात बसले. तेलपाणी? "लोखंडाला कसलं तेल? ते काय केस आहेत?" इति बाबा. शिवाय ह्या आवाजावर आईचं घड्याळ चालायचं. शटर वाजलं की 'आली एकदाची' असं म्हणून ती कूस बदलायची आणि झोपायची. म्हणजे आमच्यासाठी तो आवाज नव्हताच, ती आमची डोअरबेल होती. त्यामुळे तो वर्षागणिक किती वाढत गेलाय, हे आमच्या कानांना कळलंच नाही.

कळलं ते गेल्या डिसेंबरात.

आमच्या गॅरेजपासून शेजारच्या बंगल्याची खिडकी हाकेच्या नव्हे, कुजबुजीच्या अंतरावर आहे. मध्ये फक्त कंपाउंडची भिंत आणि एक जास्वंद. त्या खिडकीमागच्या खोलीत शेजारच्या काकूंची लेक बाळंतपणाला आलेली. माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. आम्ही सायकलवरून पहिल्यांदा पडलो त्या दोघी एकत्रच, दहावीची जागरणंही एकत्रच केली. आता ती तीन आठवड्यांच्या बाळाची आई, आणि मी कुठल्यातरी प्रीमियरहून नाहीतर लॉंच पार्टीहून रात्री साडेबाराला उगवणारी फ्रीलान्सर. दोघींची जागरणं पुन्हा सुरू झालेली, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

झबलं-टोपडं घेऊन मी बाळ बघायला गेले. बाळ गाढ झोपलेलं, आईच्या डोळ्यांखाली मात्र काळी वर्तुळं. डिंकाचे लाडू झाले, नावांची चर्चा झाली, 'नाक कुणावर गेलंय' झालं. निघताना तिनं अगदी सहज विचारलं, "आज किती वाजता येणारेस?"

मला वाटलं, गप्पा मारायच्या असतील. म्हटलं, "साडेबारा-एक होईल. का गं?"

"नाही, म्हणजे मग त्याच्याआधी ह्याला झोपवत नाही. तू आलीस की झोपवते. उगाच दोनदा मेहनत."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला टोमण्यानं उत्तर देता येतं, आणि पुण्यात तर गेटवर पाटीसुद्धा लावता येते. पण ती टोमणा मारत नव्हती. तिनं स्वतःचं आणि त्या एवढ्याशा जिवाचं टाइमटेबल चक्क माझ्या शटरभोवती बसवून टाकलं होतं. तीन आठवडे! आणि इतक्या दिवसांत एका शब्दानं बोलली नव्हती. मी घरी आले ती कानापर्यंत लाल होऊन.

सगळ्यात सोपा उपाय, गाडी बाहेरच लावायची. तीन रात्री लावलीही. आमची गल्ली अशी अरुंद, की चौथ्या दिवशी सकाळी घंटागाडी अडली. ड्रायव्हरनं असा काही हॉर्न धरला, की बाळच काय, अख्खी गल्ली गॅलरीत आली. गाडी परत गॅरेजात.

मग आईचा उपाय. खोबरेल तेल. "किती गुणी असतं," म्हणत तिनं दोन्ही बाजूंच्या चॅनेलमध्ये वाटीभर तेल सोडलं. एक विसरलो. डिसेंबरातलं पुणे! खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. मध्यरात्री चॅनेलमध्ये मेणबत्ती ओतल्यासारखा पांढरा थर, आणि शटर मध्येच बसलेलं. मी त्याच्याखालून वाकून घरात गेले.

मग माझा उपाय. ग्रीस! माझ्या स्कूटरच्या मेकॅनिककडून एक डबी आणली आणि केकवर आयसिंग लावावं तसं प्रेमानं चॅनेलभर थापलं. पहिली रात्र म्हणजे स्वर्ग. निदान खर्रर्र तरी गेलं. मी स्वतःवरच खूश! पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी रीडेव्हलपमेंटचं काम चालू आहे, आणि त्या सिमेंट-वाळूच्या धुळीला ग्रीस म्हणजे आमंत्रणच. आठवड्याभरात चॅनेलमध्ये काळी, कचकचणारी पेस्ट. ग्रीसमध्ये बारीक वाळू मिसळली की ते वंगण राहत नाही, पॉलिश पेपर होतं. खर्रर्रचं घर्रर्र झालं, एवढाच काय तो फरक.

दरम्यान मित्रमंडळींनी एकमुखानं डब्ल्यूडी-४० सुचवलं. ह्या नावाची गंमत माहितीये? डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, आणि ४० म्हणजे चाळिसावा फॉर्म्युला. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीनं तो बनवला. पुढे ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून तो वापरला गेला. म्हणजे पाणी हटवणं, गंज सैल करणं हे त्याचं मूळ काम. जाम झालेल्या नटाला नंबर वन. पण रोज घासल्या जाणाऱ्या पट्टीवर महिनोन्महिने टिकणारं काहीतरी हवं असेल, तर हवा सिलिकॉन स्प्रे. त्याचा पातळ थर बऱ्यापैकी कोरडा राहतो, त्यामुळे धूळ कमी चिकटते. हे ज्ञान मला ग्रीसची डबी संपल्यावर प्राप्त झालं. असो.

शेवटी शटरवाल्या मिस्त्रीकाकांना फोन केला. ते आले मोपेडवर, मागे एक शिडी आणि हाताएवढा लांब पाइप पाना बांधून. आल्या आल्या हत्यार काढतील असं वाटलं होतं. छे! मला म्हणाले, "ताई, तीनदा उघडा, तीनदा बंद करा." आणि स्वतः शटरकडे न बघता भिंतीवर पंजा ठेवून उभे राहिले. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून 'श्वास घ्या' म्हणतात ना, अगदी तस्सं.

"आवाज तुम्हाला खाली ऐकू येतोय. दुखणं वर आहे," निदान झालं.

ते नंतर मला शिडीवर चढवून दाखवलं, आणि इतकी वर्षं ज्याच्याखालून जातोय ते यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं. फंडा साधा आहे. वर पत्र्याच्या कव्हरमध्ये एक आडवा पाइप असतो, दोन्ही टोकांना भिंतीतल्या ब्रॅकेटवर बसवलेला. आपल्याला वाटतं हा पाइप फिरतो. तो फिरत नाही. फिरतात त्याच्यावरच्या पुल्या. ह्या पुल्यांना शटरचा पडदा जोडलेला असतो आणि पुल्यांच्या पोटात स्प्रिंग असते. शटर खाली ओढलं की स्प्रिंग आवळली जाते, वर ढकललं की ती आपली शक्ती परत देते. आमचं शटर आठ फूट रुंद, सात फूट उंच. नुसत्या पत्र्याचं वजनच पन्नास किलोच्या पुढे जातं. तरी मी ते एका हातानं उचलू शकते, कारण खरं वजन उचलत असते ती वरची स्प्रिंग. मी फक्त सुरुवात करून देते.

आणि आमच्या दोनपैकी एक स्प्रिंग तुटलेली होती! कधीपासून, देव जाणे. आम्ही आपले 'शटर हल्ली जड झालंय, व्यायाम होतो' म्हणत होतो. धाड् त्याचा होता. अर्ध्या स्प्रिंगला सगळं वजन पेलवत नव्हतं आणि शेवटच्या फुटाला शटर हातातून निसटून फरशीवर आदळत होतं. वरचा धाड् माझाच. जड म्हणून मी जोर लावून वर भिरकावायचे.

डावीकडच्या ब्रॅकेटचे बोल्ट विटेत ढिले झाले होते. त्यामुळे पाइप एका बाजूला बोटभर खाली आलेला, पडदा तिरका आणि डावी कड सतत चॅनेलला घासतेय. हे झालं खर्रर्र. शिवाय ढिला ब्रॅकेट म्हणजे प्रत्येक धक्का थेट भिंतीत. मिस्त्रीकाका भिंतीला हात लावून तेच 'ऐकत' होते.

राहिलं धडधडधड. शटरच्या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि त्या आडव्या सरकू नयेत म्हणून टोकांना छोटे लॉक रिव्हेट केलेले असतात. आमचे सात गायब. तेवढ्या पट्ट्या गर्दीच्या लोकलमधल्या माणसांसारख्या कोपर बाहेर काढून उभ्या. जाता येता चॅनेलला ठोकत जाणारच.

पत्रकाराची खोड, त्या रात्री मी नियम वाचत बसले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या स्पेसिफिकेशनमध्ये आपल्या ह्या गरीब शटरचं सगळं लिहिलेलं आहे. पट्टी ८० मिलिमीटरची, पत्रा १.२५ मिलिमीटर जाडीचा, स्प्रिंग कुठल्या तारेची, सगळं. हातानं ढकलायचं शटर ८ चौरस मीटरपर्यंत बॉल बेअरिंगशिवाय चालतं, बेअरिंग असेल तर १२ चौरस मीटरपर्यंत. आमचं जेमतेम सव्वापाच. म्हणजे कायद्यानं बेअरिंगची गरज नाही. पण पुल्या उघडल्याच होत्या, मिस्त्रीकाका म्हणाले, "घालून टाका ताई, हात हलका होईल." घातले. माझ्या मते सगळ्या खर्चात तेच पैसे सगळ्यात जास्त वसूल झाले.

आता एक गोष्ट सीरियसली. तुम्ही 'डू इट युवरसेल्फ' टाइप असाल तर सलाम, पण स्प्रिंगला हात लावायचा नाही. अजिबात नाही. त्या पन्नास-साठ किलोंना तोलणारी सगळी ताकद तिच्यात कोंडलेली असते, आणि शटर खाली असतं तेव्हा ती सगळ्यात जास्त आवळलेली असते. मिस्त्रीकाकांनी नवीन स्प्रिंगला ताण दिला तेव्हा मला थेट रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. पाइप पान्यानं पाइप थोडा फिरवायचा, क्लॅम्प आवळायचा, पुन्हा थोडा फिरवायचा, पुन्हा आवळायचा. घाई नाही. त्यांच्या उजव्या करंगळीला शेवटचं पेर नव्हतं. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "पाना सुटला होता," एवढंच म्हणाले आणि पुढच्या फेऱ्याला लागले.

तीन तासांत काम झालं. दोन्ही स्प्रिंग नव्या, कारण एक जुनी एक नवी घातली की पडदा पुन्हा तिरका ओढला जातो. ब्रॅकेट विटेतून काढून काँक्रीटच्या लिंटेलमध्ये नवीन फासनरनं धरला. लॉक सातही बसले. माझं लाडकं ग्रीस त्यांनी रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढलं आणि मला ते फडकं दाखवलं. काही बोलले नाहीत. बिल सहा हजारांच्या आत. त्याआधी बाबांनी मोटरवाल्या नव्या शटरचं कोटेशन मागवलं होतं, ते ह्याच्या दसपट होतं. आणि खरं सांगू? मोटर बसवून तिरकी पट्टी सरळ होत नाही. ती तशीच घासत राहिली असती, फक्त रिमोटनं!

उरलेलं काम माझं. हे कुणालाही जमेल. खालच्या जाड पट्टीला पूर्ण लांबीचं रबर लावलं, म्हणजे फरशीला लोखंड टेकत नाही. वर जिथे शटर थांबतं तिथे दोन रबरी गुटख्या. वरच्या कव्हरचा पत्रा स्वतःच थरथरायचा, त्याच्या स्क्रूंखाली रबरी वॉशर घातले. चॅनेल आधी कोरड्या ब्रशनं, मग फडक्यानं साफ करून त्यावर सिलिकॉन स्प्रे. आधी सफाई, मग स्प्रे, हा क्रम चुकवलात तर माझ्या ग्रीसची कहाणी पुन्हा घडेल. आता दर दोन महिन्यांनी हे करते. कुलूप मात्र विसरले होते. शटर गपचूप बंद झालं की कडीवर कुलूप असं काही खणखणतं की बस्स! त्याला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला.

आता आकडे. मैत्रिणीला तिच्या खोलीत मोबाइल धरून बसवलं होतं, दुरुस्तीच्या आधीच्या दिवशी आणि नंतर. खिडकी बंद, फोन तोच, जागा तीच. आधी ६३ डेसिबल, नंतर ४४. मोबाइलचं ॲप काही प्रयोगशाळा नव्हे, पण फरक कळायला पुरेसं आहे. दर १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे १९ डेसिबल म्हणजे किती, ते तुम्हीच बघा. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ह्या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती सरासरीची आहे, एका धाड्-ची नाही, त्यामुळे माझ्यावर केस झाली नसती. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचना बेडरूममधल्या एकेका आवाजाबद्दलही बोलतात. चांगली झोप हवी तर तो ४५ च्या वर जाऊ नये. तीन आठवडे मी रोज रात्री एका तान्ह्या बाळाच्या खोलीत ६३ पाठवत होते. दोनदा. एकदा उघडताना, एकदा बंद करताना.

आणि थोडा दोष हाताचाही असतो बरं का. नवीन स्प्रिंग आली तरी भिरकावायची सवय एका दिवसात जात नाही. आता मी शटर कमरेपर्यंत हळू, मग सरसर आणि शेवटचा फूट पुन्हा हळू, असं नेते. आकड्यानं ओढून शेवटी हात सोडून द्यायचा, ही दुकानदारी स्टाइल बंद.

पहिल्या शांत रात्री एक वाजला होता. शटर बंद केलं, कुलूप लावलं, स्वतःलाच शाबासकी दिली. घरात शिरले तर हॉलमध्ये दिवा चालू, आई शाल गुंडाळून सोफ्यावर बसलेली. "कधीपासून वाट बघतेय! वाजलं कसं नाही?" मी हसले. ती नाही हसली. डोअरबेल काढून घेतली होती मी तिची. आता गल्लीच्या तोंडाशी आले की मिस्ड कॉल द्यायचा, असं त्या रात्री ठरलं.

तेवढ्यात मोबाइलवर मेसेज. 'आलीस का? वाट बघतेय. ह्याला झोपवायचंय.'

'येऊन पंधरा मिनिटं झाली!'

दोन मिनिटं काही नाही. मग, 'खरंच??? मग ये ना खिडकीपाशी. हा तसाही झोपत नाहीये.'

जास्वंदीच्या फांद्या बाजूला करून मी भिंतीशी उभी राहिले. ती बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीत. बाळराजे टक्क जागे, दिव्याकडे बघत. दहावीनंतर पहिल्यांदाच आम्ही दोघी इतक्या रात्री बोलत होतो. नवरा कधी येणार, ऑफिस पुन्हा जॉइन करायचं का, रडू कसं कधीही येतं, माझं काय चाललंय... दोन कधी वाजले कळलंच नाही. मी कुठलातरी किस्सा सांगितला आणि ती खळखळून हसली.

आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला, "अगं दोघी, आवाज कमी करा! बाळ उठेल."